शेजार शोधण्याचा उन्हाळा

समोरची इमारत रिकामी व्हायला लागली आहे. नाहूरच्या आमच्या भाड्याच्या घराच्या खिडकीतून ती सबंध दिसते. उन्हं चढायच्या आत टेम्पो लागतो आणि मग दिवसभर लोकांचे संसार जिने उतरत राहतात. आधी गाद्या, मग कपाटं, मग कशासाठी घेतल्या होत्या हे घरातही कोणाला आठवत नसावं अशा लोखंडी वस्तू, आणि शेवटी तुळशीची कुंडी पोटाशी धरलेली घरातली बाई. कालच्या बाईंनी कुंडी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवली आणि नवऱ्याला मागे सामानात बसवलं. मला ते फार पटलं.

आमच्या उपनगरांत मे महिन्यात हल्ली आंब्याच्या जोडीनं हा एक हंगाम येतो, इमारती रिकाम्या करण्याचा. मुलांच्या परीक्षा झालेल्या असतात, पाऊस यायचा असतो, आणि बिल्डरला तेवढ्या फटीत सगळी माणसं बाहेर काढायची असतात. या हंगामाला डांबराच्या गोळ्यांचा, जुन्या वर्तमानपत्रांचा आणि आंब्याच्या पेटीतल्या गवताचा वास असतो. पेट्या रिकाम्या झाल्या की त्यांत काचेची भांडी भरायची, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे आम्ही नव्या घरी आल्यावर कितीतरी दिवस आमच्याकडे येणारा पाहुणा पाणी प्यायचा आणि आंबा कुठं आहे म्हणून इकडेतिकडे बघायचा.

आमची इमारत दोन वर्षांपूर्वी रिकामी झाली. मुलुंड पूर्वेची श्रमसाफल्य सोसायटी, चार मजले, लिफ्ट नाही, पाणी सकाळी आणि नशिबात असेल तर संध्याकाळी. मी तिची सेक्रेटरी. कशी झाले त्याची हकीकत छोटी आहे. निवडणुकीच्या सभेला मी उशिरा पोचले, तोवर मला निवडून सगळे चहाला गेले होते. माझा स्वभाव तापट आहे असं आमच्याकडे बोललं जातं. ज्याला चार मजल्यांच्या लोकांना पाणी पुरवायचं असतं त्याचा स्वभाव थंड राहिलेला मी तरी कुठं पाहिलेला नाही.

त्या मे महिन्यात सोसायटीचं आवार बघण्यासारखं झालं होतं. घरातलं सामान खाली आणून ठेवायचं, भंगारवाल्याला काय द्यायचं आणि बरोबर काय न्यायचं यावर नवरा-बायकोनं भांडायचं, आणि तोवर ते सामान तिथंच पडून राहायचं. उघड्या आभाळाखाली सोफे, शोकेस, कोणाचा तरी पाळणा. माणसं कामावरून आली की आपापल्या घरी जायच्या आधी अंगणातल्या सोफ्यावर टेकायची. इतकी वर्षं जिन्यात 'काय, कसं काय' एवढंच बोलणारी माणसं एकमेकांच्या सोफ्यावर बसून तासन्‌तास गप्पा मारायला लागली. इमारत पाडायची ठरल्यावर तिथं खरी वस्ती झाली असं मला वाटायचं, आणि मग त्याचाच राग यायचा.

या सगळ्या सामानाची राखण करायला प्रदीप असायचा. प्रदीप म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या नलूकाकूंचा मुलगा, पन्नाशीला टेकलेला. आमच्या तिसऱ्या मजल्यावर वंदना ब्यूटी पार्लर चालवायची. तिची पार्लरची गोल फिरणारी खुर्चीही खाली आणून ठेवली होती आणि प्रदीपनं ती आपली म्हणून निवडली होती. तो दिवसभर तिच्यावर बसायचा आणि सावली सरकेल तसा गोल फिरायचा.

प्रदीपला कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून आवाज ऐकू येतात. नसलेल्या माणसांचे. स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ आहे, फक्त प्रत्येकाचा उच्चार वेगळा. गोळ्या आणि महिन्याचं इंजेक्शन यांवर त्याचं बरं चालतं, पण आवाज पूर्ण जात नाहीत. कधी त्याला कोणी हाका मारतं, कधी कोणी दोघं त्याच्याविषयी वाईटसाईट बोलतात. मग तो उठतो, जवळात जवळचं दार वाजवतो आणि विचारतो, "वहिनी, आत्ता कोणी बोललं का?"

आणि आपण सांगायचं. एवढंच. दवाखान्यातल्या समाजसेविका मनीषा सिस्टर महिन्यातून एकदा घरी यायच्या, त्यांनी आम्हाला नियम घालून दिला होता. त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याच्या हो ला हो करायचं नाही, आपल्या कानांनी जे ऐकलं ते सांगायचं. "नाही रे, मला नाही आलं." किंवा, "हो, आला, भाजीवाला ओरडतोय." तो "थँक्यू" म्हणतो आणि जातो. वाचायला सोपं वाटतं. पण कुकरची तिसरी शिट्टी होत असताना, एका हातात लाटणं आणि दुसऱ्या कानाला पाणीखात्याचा फोन असताना, आत्ता आपल्याला नक्की काय काय ऐकू येतंय हे प्रामाणिकपणे सांगून बघा. मी एकदा त्याला म्हटलं, "प्रदीप, मला आत्ता इतके लोक ऐकू येताहेत की तुझा एखादा त्यात असला तरी मी ओळखायची नाही." तो म्हणाला, "मग मी दहा मिनिटांनी येतो."

याचा परिणाम असा झाला की इमारतीतल्या सगळ्यांचेच कान टवकारलेले. दाराची बेल वाजली की आमचे हे आधी मला विचारायचे, "वाजली ना?" मी "वाजली" म्हटल्यावर उठायचे. बाहेरची माणसं हे बघून घाबरत. आम्हाला त्यात काही वाटत नसे.

मनीषा सिस्टरांनी एकदा आमच्या आवारात व्याख्यान ठेवलं होतं, मनोरुग्णांची समाजानं घ्यायची काळजी या विषयावर. बोलल्या छान. रुग्णाला आपल्या माणसांत, आपल्या वस्तीत ठेवलं तर तो कसा सावरतो, शेजारी काय करू शकतात, सगळं समजावून सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कोण कोण अशी काळजी घेतं?" एकही हात वर झाला नाही. तळमजल्याचे जाधवदादा, जे रोज सकाळी प्रदीपला घेऊन स्टेशनपर्यंत फिरून येतात, ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आपल्याकडे नाही बुवा कोणी तसं." वंदना, जी त्याचे केस कापते कारण अनोळखी माणसाच्या हातात कात्री दिसली की त्याला सुचेनासं होतं, ती म्हणाली, "मॅडम, आपण नॉर्मल लोक आहोत, यार." आणि प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न कबुतरांच्या विष्ठेवर आला. सिस्टर हसल्या. मला तेव्हा वाटलं कबुतरांना हसल्या.

सगळं गोड होतं असं नाही. एकदा त्यानं गोळ्या बंद केल्या होत्या आणि पंपाच्या खोलीत आतून कडी लावून दिवसभर बसला होता. पाणी नाही, मोटर लावता येत नाही, आणि आतून तो कोणाला तरी ओरडून उत्तरं देतोय. त्या दिवशी मी त्याला दाराबाहेरून जे जे बोलले ते सिस्टरांच्या कुठल्याच नियमात बसणारं नव्हतं. शेवटी जाधवदादांनी दाराबाहेर स्टूल टाकलं, मांडीवर वर्तमानपत्र घेतलं आणि बातम्या मोठ्यानं वाचत बसले. अंधार पडायच्या सुमारास कडी निघाली. आतून प्रदीप म्हणाला, "दादा, हवामान राहिलं."

तर या काळजीला आम्ही काळजी म्हणत नव्हतो, आणि म्हणूनच ती कुठल्या सामानात भरायची हे कोणाला सुचलं नाही. कपाटं मोजली, पंखे उतरवले, गॅस ट्रान्सफर केला. जाधवदादा कुर्ल्याला भावाकडे जाणार होते. वंदना दहिसरला सासरी. मी आणि हे अंधेरीला, लेकीच्या शेजारच्या इमारतीत, तिनं घर बघूनही ठेवलं होतं. नवी इमारत उभी राहीपर्यंत तीन वर्षं, फार तर चार, असं बिल्डर म्हणत होता. सगळे जण सगळ्यांना "येत जा हं" म्हणत होते. एके दुपारी नलूकाकू माझ्याकडे आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मालवणीत म्हणाल्या, "गो सुनंदा, भाऊ सांगता, प्रदीपाक थय संस्थेत ठेवया. घर होयसर."

भाऊ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, प्रदीपचा मामा. भला माणूस. शहराबाहेर कुठंतरी, डोंगराच्या पायथ्याशी, अशा माणसांसाठी एक संस्था होती, तिथं त्यानं नवं घर होईपर्यंत ओळखीनं जागा धरून ठेवली होती. महिनाअखेर हो की नाही सांगायचं होतं. काकूंनी आयुष्यात भावाला कधी नाही म्हटलं नव्हतं. नवरा गेल्यावर त्यानंच तर सगळं पाहिलं. "माका काय झाला तर हेका बघतलो कोण? नव्या जाग्यार माका तरी कोण वळाखता?" असं म्हणून त्या माझ्या ओट्यावरची फडक्यानं पुसलेली जागा पुन्हा पुसायला लागल्या. मी म्हटलं, बघू. सेक्रेटरीला दुसरं काही येत नाही.

आणि मग आम्ही घरं बघायला लागलो. काकू, प्रदीप आणि मी. एजंट पोरगा उत्साही होता. पण तो घराचा जो गुण सांगायचा तो ऐकून काकूंचा चेहरा आणखी पडायचा. "एकदम शांत आहे काकू, दिवसभर फ्लोअरवर चिटपाखरू नसतं." काकू दाराकडे बघायला लागल्या. "प्रायव्हसी तर विचारू नका. मी इथं तीन वर्षांपूर्वी एक फॅमिली टाकली, त्यांना शेजारच्यांचं नाव अजून माहीत नाही." काकूंनी माझा हात धरला. एजंट मला बाजूला घेऊन विचारायला लागला, "मॅडम, यांना नक्की काय पाहिजे?" मी म्हटलं, "भोचक शेजारी पाहिजेत." त्यानं ते मोबाइलवर लिहून घेतलं, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

एका टॉवरमध्ये तर कहर झाला. बावीस मजल्यांचा, लिफ्टमध्ये आरसा, पॅसेजमध्ये प्लॅस्टिकची झाडं. घर बघून होईपर्यंत प्रदीप बाहेर पॅसेजमध्ये उभा होता. त्याला कसलासा आवाज आला असावा, म्हणून त्यानं आपल्या नेहमीच्या सवयीनं समोरच्या दाराची बेल दाबली. दार उघडलं नाही. बेलच्या वर बसवलेल्या डब्यातून खरखरीत आवाज आला, "कौन है? क्या चाहिए?"

प्रदीप दोन पावलं मागे सरकला. आम्ही धावत बाहेर आलो. तो काकूंना म्हणाला, "आई, भिंत बोलली."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी एजंटकडे. नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, "हो रे प्रदीप, खरंच बोलली."

"मलाही ऐकू आली," एजंट म्हणाला.

प्रदीपनं त्या डब्याकडं पुन्हा एकदा पाहिलं. "मग इथं नको," तो म्हणाला. "इथं खरे आवाजसुद्धा भिंतीतून येतात. मी कोणाला काय विचारणार?" इतका शहाणा मुद्दा त्या सबंध टॉवरमध्ये दुसऱ्या कोणी काढला नसेल.

त्यानंतरच्या आठवड्यात मी गच्चीवर अडकले. हे मला सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भर दुपारची वेळ. आदल्या दिवशी टाकी भरली नव्हती म्हणून मी स्वतः मोटर लावून, टाकीत पाणी पडतंय का ते बघायला वर गेले. फोन घरी चार्जिंगला. वारा आला, दार धाडकन लागलं आणि बाहेरची कडी आपोआप पडली. आमच्या गच्चीच्या दाराला कडी बाहेरून होती, पोरांनी वर जाऊन क्रिकेट खेळू नये म्हणून मीच बसवून घेतलेली. खाली बघते तर आवारात चिटपाखरू नाही, फक्त प्रदीप, वंदनाच्या खुर्चीवर, सावलीत.

मी कठड्यावरून हाक मारली, "प्रदीप! ए प्रदीप!"

तो सावरून बसला. वर मात्र बघितलं नाही. वरून हाक आली की वर बघायचं नाही, हा त्याचा स्वतःचा जुना नियम होता. तो उठला आणि तळमजल्यावर जाधवदादांच्या दाराशी गेला. दादांनी सगळा जन्म बसमध्ये घंटी मारत काढला. इंजिन शेजारी, घंटी डोक्यावर, त्यामुळे निवृत्त होईपर्यंत त्यांचे कान अर्धे तिकडेच राहिले. प्रदीपनं विचारलं, "दादा, मला वरून कोणी बाई हाक मारतेय का?" दादांनी डोळे मिटले, मान तिरपी केली, मनापासून ऐकलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते. दादा म्हणाले, "नाही बुवा. कोणी नाही."

"थँक्यू," प्रदीप म्हणाला, आणि येऊन खुर्चीवर बसला.

पुढं जे झालं ते मनीषा सिस्टरांनी बघितलं असतं तर त्याला शंभरपैकी शंभर मार्क दिले असते. आवाज त्रास द्यायला लागला की गुणगुणायचं, असं त्यांनी शिकवलं होतं. तो गुणगुणायला लागला. मी ओरडले, "अरे, मी सुनंदा!" तो शांतपणे, सभ्यपणे, हवेत म्हणाला, "तू खरी नाहीस. मी आत्ता कामात आहे." मी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून खाली फेकायला लागले. एक त्याच्या मांडीवर पडला. त्यानं तो उचलला, निरखला, खिशात घातला आणि गुणगुणणं चालू ठेवलं. डोक्यावर ऊन, पायांखाली तापलेली गच्ची, चपला दाराच्या पलीकडे काढलेल्या, आणि खाली एक माणूस माझं अस्तित्व नाकारतोय, तेही सेक्रेटरीचं. इतकी संतापले की रडू यायला लागलं.

तेवढ्यात टाकी भरली. पाइपातून पाणी भदाभदा गच्चीवर यायला लागलं, आणि मी अडकल्याबिडकल्याचं सगळं विसरले. पाणी वाया जाताना मला दुसरं काही दिसत नाही. मी किंचाळले, "टाकी वाहतेय, मेल्या! मोटर बंद कर!"

प्रदीप ताडकन उठला. पंपाच्या खोलीत गेला, मोटर बंद केली, चार मजले चढून वर आला आणि कडी काढली.

"वहिनी, तुम्ही होय?" तो म्हणाला. "मी दादांना विचारलं होतं."

"मग आता कसा आलास?" मी ओल्या पायांनी उभी राहून विचारलं.

"माझे आवाज मोटरबद्दल कधी बोलत नाहीत," तो म्हणाला. "त्यांना सोसायटीचं काही पडलेलं नसतं."

मी त्याला काय काय बोलले ते बोलले. तो ऐकून घेत होता. माझं संपल्यावर त्यानं खिशातून चिमटा काढून परत दिला आणि म्हणाला, "वहिनी, इथं दादा चुकले तर तुम्ही आहात. तुम्ही चुकलात तर वंदना आहे. तिकडं मी कोणाला विचारू?"

माझा सगळा राग गेला. राग गेला की मला फार एकटं वाटतं, सवय नाही. मी चपला घातल्या आणि त्याला म्हटलं, चल खाली, सामान तसंच टाकून आलायस. जिना उतरताना अंधेरीचं लेकीजवळचं घर माझ्या डोळ्यांसमोर होतं. हवेशीर, पूर्वेला बाल्कनी. संध्याकाळी मी लेकीला फोन केला आणि म्हटलं, तुझ्या शेजारच्या इमारतीतलं ते घर नको. ती म्हणाली, "का गं आई?" मी म्हटलं, "फार शांत आहे." यांना मी रात्री जेवताना सांगितलं. हे म्हणाले, "मला वाटलंच होतं," आणि कोशिंबीर वाढून घेतली. ही गोष्ट मी दुसऱ्या कोणालाही सांगितली नाही. आपण काही मोठं करतोय असं दाखवायला मला लाज वाटते, त्यापेक्षा मला भांडण सोपं जातं.

काकूंचं घर शेवटी नाहूरला मिळालं. जुनी इमारत, पहिला मजला, खाली पिठाची गिरणी. गिरणी चालू असली की प्रदीपला बरं वाटतं, आवाज त्यात बुडून जातात म्हणतो. एजंटला आश्चर्य वाटलं, कारण त्या गिरणीपायी ते घर कोणी घेत नव्हतं. काकूंनी घर घेतलं, तरी त्यांच्या डोळ्यांतली भीती तशीच होती. घर मिळालं म्हणजे शेजार मिळाला असं होत नाही. मामाचं म्हणणं ठाम होतं. तू सत्तरी ओलांडलेली, तो असा, परक्या इमारतीत दोघंच, एखाद्या दिवशी पडलीस तर त्याला कोण सांगणार की आई खरंच हाक मारतेय?

नव्या घरी पहिल्यांदा दूध उतू घालवायचं असतं. काकूंनी ते महिन्याच्या शेवटी शेवटी घालवलं. मी दुपारचीच गेले. माझा बेत असा होता की काकूंना भेटायच्या निमित्तानं जायचं आणि वरच्या मजल्यावरचं रिकामं घर एजंटकडून पक्कं करून टाकायचं. इमारतीत दोनच घरं रिकामी आहेत असं तो म्हणाला होता. प्रदीप खाली गिरणीत पिठानं पांढरा होऊन बसला होता. मला बघून त्यानं मान हलवली. जिना चढून वर जाते तर पॅसेजमध्ये जाधवदादा उभे.

"दादा, तुम्ही इकडं कुठं? कुर्ल्याला ना तुम्ही?"

"भावाकडं जरा अडचण आहे," दादा म्हणाले. दादांच्या भावाकडं कधी अडचण नसते, तो माणूस लग्नाचे पाहुणेसुद्धा महिनाभर ठेवून घेतो. दादांच्या हातात मोठी पिशवी होती आणि तिच्यात कपड्यात गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती होती. ती ते टेम्पोत ठेवणार नव्हते, हातानंच आणणार होते. म्हणजे माणूस नुसतं घर बघायला आलेला नव्हता.

माझ्या लक्षात येतंय तोवर खालून वंदनाचा आवाज आला. "भैया, वो दूसरा वाला फ्लॅट किसी को मत दिखाना, समझा ना?" ती वर आली, आम्हाला दोघांना बघितलं आणि जिन्यातच थांबली. एजंट तिच्या मागं.

"सासूबरोबर नाही ना पटत माझं," ती म्हणाली.

"तुझी सासू गावाला असते," मी म्हटलं.

मग जे सुरू झालं त्याला भांडण हा एकच शब्द आहे. घरं दोन आणि आम्ही तीन. दादा म्हणाले, "हे बघा, सकाळी त्याला फिरायला नेतं कोण? मी. मग मी कुर्ल्याहून येऊ रोज?" वंदना म्हणाली, "दादा, रागावू नका, पण तुम्हाला ऐकू येत नाही ना! तुमच्या भरवशावर वैनींची गच्चीवर वाट लागली होती. त्याच्या शेजारी कान असलेलं माणूस पाहिजे, यार." दादा म्हणाले, "कान आहेत मला. पंपाच्या खोलीतून त्याला बाहेर कोणी काढलं?" मी म्हटलं, "ते सगळं राहू द्या, मी सेक्रेटरी आहे, वरचं घर माझं."

"इथं नाही तुम्ही सेक्रेटरी," वंदना म्हणाली.

हे मला लागलं. मी आवाज चढवला, तिनं चढवला, दादांना आता सगळं स्पष्ट ऐकू येत असावं कारण त्यांनीही चढवला. लेकीजवळचं घर मी सोडलं, मी भावाला नाही म्हटलं, माझं पार्लर दहिसरला चाललं असतं, असं आपापलं झाकून ठेवलेलं सगळं रागाच्या भरात बाहेर आलं. समोरच्या दारातून एक बाई हातात पोळपाट घेऊन बाहेर येऊन उभ्या राहिल्या आणि काय झालं, कोणाचं काय, असं विचारायला लागल्या. एजंट बिचारा भिंतीला टेकून आळीपाळीनं आमच्याकडं बघत होता. "मॅडम," तो हळूच मला म्हणाला, "या बिल्डिंगमध्ये काय आहे? मेट्रो येतेय का?"

आणि तेव्हा मला दिसलं की काकूंचं दार उघडं आहे. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. पदराला दुधाचा डाग. केव्हापासून ऐकत होत्या कोण जाणे. त्यांच्या हातातला फोन वाजत होता आणि त्याच्यावर भावाचं नाव होतं. आम्ही भांडण तिथंच सोडलं.

त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून मामा बराच वेळ बोलत होता. शेवटची तारीख, जागा, गाडी कधी पाठवू. काकू ऐकत होत्या आणि आमच्याकडं एकेकाकडं बघत होत्या. प्रदीप आजारी पडल्यापासून त्या बाईनं त्याच्यावरून झालेली किती भांडणं ऐकली असतील. नातेवाइकांची, जिन्यातली, सभेतली, दाराआडून, मान खाली घालून. प्रत्येक भांडणाचा शेवट एकच, हा इथं नको. मला त्या क्षणी त्यांच्याकडं बघवेना.

"नाय रे भाऊ," काकू म्हणाल्या. आवाज मोठा होता. "तो येवचो नाय. हय लोका तेच्यासाठी भांडतत."

पलीकडं मामा काहीतरी म्हणाला. काकूंनी ते पुरतं ऐकलं नाही. फोन बंद करून त्यांनी कमरेला खोचला, पदरानं डोळे पुसले आणि आम्हाला म्हणाल्या, "हां, आता भांडा. घाई नाय."